वैशूचं फोल्डर

एप्रिल लागला की आमच्याकडे कुलरला नवं गवत लावतात, आणि मग दोन दिवस घरभर त्याचा वास असतो. ओल्या लाकडाचा, थोडा रानाचा, थोडा औषधांच्या कपाटाचा. अमरावतीत राहणाऱ्याला या वासावरून महिना सांगता येतो. पंप सुरू होतो, गवतावरून पाणी टपटपायला लागतं, खिडकीत बसवलेला तो पत्र्याचा डबा घरघरायला लागतो, आणि मला न चुकता अकोल्याचं एक दुकान आठवतं. आठ बाय दहाचं, बसस्टँडमागच्या गल्लीतलं, माझ्या धाकट्या भावाचं, संजूचं.

या वर्षी तो वास आला तेव्हा मी फोन घेऊन गाणी लावत बसले होते. लावत म्हणजे ऐकत नव्हे, जागच्या जागी ठेवत. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. विस्कटलेलं काही दिसलं की माझ्या हातांना स्वस्थ बसवत नाही. आमच्या घरात गाण्यांच्या ॲपचं एकच खातं आहे, त्यात मी, माझा नवरा आणि आमची मुलगी सांची अशा तिघांची गाणी एकत्र कालवलेली. एकाच गायकाचं नाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं. कुठे अल्बमच्या जागी गाण्याचं नाव, कुठे गायकाच्या जागी कंपनीचं. नवऱ्याची जुनी दर्दभरी गाणी संपतात न संपतात तोच सांचीची कुठल्या कुठल्या भाषेतली धडधड सुरू होते. रविवारची दुपार होती, नवरा आत घोरत होता. मी ठरवलं, आज याचा निकाल लावायचा.

ॲपनं मदत देऊ केली. एकसारखी गाणी सापडली आहेत, काढून टाकू का, असं त्यानं विचारलं. बोट पुढे गेलं आणि तिथेच थांबलं. पंधरा वर्षं झाली, या प्रश्नाला 'हो' म्हणायची माझी हिंमत होत नाही.

तेव्हा मी कंत्राटी होते. मार्चअखेर कंत्राट संपायचं आणि जुलैत नवं मिळायचं, मिळालं तर. मधले तीन महिने मी ना धड नोकरीतली ना धड घरातली. म्हणून चार वर्षांच्या सांचीला घेऊन माहेरी, अकोल्याला गेले. संजूची बायको पहिल्या बाळंतपणाला हिवरखेडला तिच्या माहेरी गेलेली, संजूचं अर्धं लक्ष तिकडे. तो म्हणाला, ताई, बसतेस का काउंटरवर. मी बसले.

आजच्या मुलांना सांगूनही पटत नाही, पण तेव्हा गाणी विकत भरून मिळायची. दुकानावर पाटीच होती, 'येथे मेमरी कार्डमध्ये गाणे भरून मिळतील.' नखाएवढं काळं कार्ड माणसं पाकिटाच्या चोरकप्प्यातून, रुमालाच्या गाठीतून, कधी चक्क कानामागून काढून द्यायची. संजू ते कॉम्प्युटरला लावायचा आणि विचारायचा, काय भरू? त्याला गायकाचं नाव फार थोडे लोक सांगायचे. 'ट्रॅक्टरवर लावाले पाह्यजे.' 'हळदीचं दे.' 'झोप येऊ नये असं दे, नागपूरले गाडी न्यायची हाये.' एकदा एक गृहस्थ नुसतेच म्हणाले, 'बायको रुसली हाये,' आणि संजूनं पुढे काही न विचारता अकरा गाणी भरून दिली.

त्या वर्षीचा उन्हाळा अकोल्याच्या मानानंही कडक होता. दुपारी एकला रस्ते मोकळे व्हायचे. तोंडाला दुपट्टे गुंडाळलेल्या मुली स्कुटीवरून जायच्या, त्यांचे फक्त डोळे दिसायचे, आणि संजू त्या डोळ्यांवरून गिऱ्हाईक ओळखायचा. लाइट जायची तेव्हा कुलर बंद पडायचा आणि कॉम्प्युटर तेवढा बॅटरीवर चालायचा. समोरच्या कडुनिंबाखाली फुलांच्या टोपलीवर ओलं बारदान टाकून सुभद्रामावशी बसलेल्या असायच्या. शहराबाहेर त्यांचा फुलांचा मळा होता. मोगरा, शेवंती, झेंडू. सकाळी देवाची गिऱ्हाइकं, संध्याकाळी लग्नाची. मधल्या दुपारी कुणी नसे, तेव्हा त्या कमरेच्या चंचीतून फोन काढून मोठ्यानं गाणी लावायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. तो फोन त्यांच्या मुलीचा, वैशूचा. ती लग्न करून गेली तेव्हा मागे ठेवून गेलेली, एवढंच संजूनं मला सांगितलं होतं.

संजूची हार्ड डिस्क मी पहिल्यांदा उघडून पाहिली तेव्हा मला अक्षरशः घाम फुटला. तिथे ना गायक होते ना अल्बम. फोल्डरांची नावं होती 'चष्मेवाले सर', 'पोपटी स्कुटी', 'हिवरखेड ट्रॅक्टर', 'नवीन जावई', 'रुसलेली बायको'. एकच गाणं सत्तर ठिकाणी. हे काय आहे म्हणून विचारलं तर संजू म्हणाला, उन्हानं लोकांची कार्डं उडतात, मग ते येतात आणि म्हणतात, होतं तसंच भरून दे. म्हणून प्रत्येकाचं एकेक ठेवलं. मी नुकतीच ग्रंथालयशास्त्राची वरची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेली. मला त्याची कीव आली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हिवरखेडहून निरोप आला आणि संजू तीन दिवसांसाठी बायकोकडे गेला. त्या तीन दिवसांत मी सगळं लावून टाकलं. गायकाप्रमाणे, त्यात अल्बमप्रमाणे, त्यात वर्षाप्रमाणे. दुबार असलेलं काढलं. माणसांच्या नावाची फोल्डरं रिकामी होत गेली तशी तीही काढली. शेवटी कचरापेटी रिकामी केली. अर्ध्याहून जास्त डिस्क मोकळी झाली. मी सांचीला खुर्चीवर उभी करून ती कोरी करकरीत यादी दाखवली, आणि तिनं टाळ्या वाजवल्या.

संजू पेढे घेऊन परतला. मुलगा झाला होता. त्यानं कॉम्प्युटर सुरू केला, बराच वेळ वरखाली पाहिलं. मी वाट पाहत होते की तो काहीतरी चांगलं बोलेल. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडले असते, माझी बाजू मांडली असती. पेढ्यांचा पुडा तसाच हातात धरून तो म्हणाला, "ताई, तू गाणे लावले. म्या मानसं लावून ठेवले होते."

मला ते वाक्य तेव्हा नीट कळलंही नाही. मनात म्हटलं, शिकलेला नाही, सवय होईल.

पुढचा आठवडा बोलायला उसंत नव्हती. जयंती जवळ आली होती. आमच्या घरात वर्षाची खरी सुरुवात त्या आठवड्यात होते. वस्तीत निळ्या पताका लागल्या, भीमगीतांची कार्डं भरून घ्यायला रांग लागली. पुसलेलं बाकीच्यांना फारसं जाणवलं नाही. माणसं कुरकुरली आणि दुसरी गाणी भरून घेऊन गेली.

जयंती झाली आणि दोन दिवसांनी सुभद्रामावशी रस्ता ओलांडून दुकानात आल्या. त्यांनी कार्ड काउंटरवर ठेवलं. उन्हात फोन तापला, बंद पडला, पुन्हा लागला तेव्हा कार्डात काहीच नव्हतं. "याच्यात वैशूचं फोल्डर टाकून दे," त्या म्हणाल्या.

संजूनं माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना विचारलं, मावशी, कोणकोणती गाणी होती? कोणी गायलेली? मला आजही त्या प्रश्नाची लाज वाटते. माझ्याकडे सगळं होतं, एकेका गायकाचा कप्पा होता, आणि समोरच्या बाईला एकही नाव माहीत नव्हतं. "नाव मले काय मालूम," त्या म्हणाल्या, "बटन दाबलं का वाजत होते. तिनंच लावून देले होते."

मी त्यांना खरं सांगितलं नाही. शोधते म्हटलं. दुपारी त्या दुकानात येऊन बसायच्या, कुलरसमोर, आणि मी एकेक गाणं लावायची. "हे नाई." "हे बी नाई." क्वचित एखाद्या गाण्याला नुसती मान हलायची. संजूला त्यातली चारपाच आठवत होती. पलीकडच्या रसवंतीवाल्यानं दोन गुणगुणून दाखवली, कारण वर्षभर दुपारी त्याच्याही कानांवर तीच पडत होती. काउंटरखाली सांची मेलेल्या कार्डांची शाळा भरवून बसलेली असायची, तीही मधूनच वर बघून 'हे नाई' म्हणायची. आठ दिवसांत आम्ही नऊ गाण्यांपर्यंत पोचलो. मावशी ती नऊ घेऊन झाडाखाली जायच्या, ऐकायच्या आणि परत यायच्या. चेहऱ्यावर समाधान नसायचं. गाणी तीच होती, पण क्रम वैशूचा नव्हता, आणि मधली कितीतरी नव्हती.

त्याच दिवसांत संजूनं मला उरलेलं सांगितलं. वैशूनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. मुलगा आपल्यातला, तो म्हणाला. म्हणजे आमच्या समाजातला. दोघं नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात कामाला होती. तिच्या बापानं घरात तिचं नाव काढायचं नाही असं सांगून ठेवलं होतं, आणि मावशींनी ते वर्षभर पाळलं होतं. नाव काढलं नाही. गाणी तेवढी ऐकली.

म्हणजे मी पुसलं होतं ते हे.

त्या दुपारी मी मावशींना सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "मावशी, कार्ड उडालं तरी इथं होतं ते. मीच पुसलं. माह्याच हातानं गेलं." मग मी, चूक केलेल्या माणसाला सुचतं तसं, घाईघाईनं म्हटलं, की पूर्ण यादी एकाच माणसाला माहीत आहे, तिलाच विचारू. त्या उठल्या. झाडाखाली जाऊन त्यांनी बारदानावर पाणी शिंपडलं. दोन दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत. सांचीसाठी रोज एक गजरा द्यायच्या, तो मात्र दोन्ही दिवस काउंटरच्या कडेवर ठेवलेला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. "गॅसवाला म्हणून हाये," त्या म्हणाल्या. वैशूनं जाण्याआधी आपला नवा नंबर त्या नावानं घालून ठेवला होता, बापाच्या नजरेस पडला तरी कळू नये म्हणून. वर्षभर तो तिथे होता. ना इकडून लागला ना तिकडून.

मीच लावला. तिकडे दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. मागे यंत्रांचा खडखडाट होता आणि त्यातून एकच शब्द आला, "माय?"

मी म्हटलं, मी संजूची बहीण, दुकानातून बोलतेय. फोल्डर पुसलं गेलंय, तुझ्या आईला पुन्हा भरून हवंय, गाण्यांची नावं सांगशील का. मग यंत्रांचा आवाज दूर गेला, कुठलंसं दार लागल्यासारखं वाटलं. "चौतीस होते," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "माय बसली हाये काय तिथी?"

हाये, मी म्हटलं.

"मंग तिले सांगा, पह्यलं बासरीचं होतं."

मी सांगितलं. मावशी कुलरकडे तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मालूम हाये. दुसरं इचार."

असं ते सुरू झालं. पहिल्या दिवशी तिनं दोनच गाणी सांगितली. बाकीचे उद्या सांगीन, म्हणाली. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी तीन, त्यातलं एक आधीच्या नऊमधलं निघालं. माझा जीव वरखाली व्हायचा. मी तिला म्हटलं सुद्धा, अगं एकदम बसून लिहून काढ आणि सगळी सांगून टाक, एका दिवसात काम होईल. "एकदम नाई आठवत, ताई," ती म्हणाली. मला वाटलं, आजकालच्या मुलींचं लक्ष नसतं कशात. कामाची पद्धत म्हणून नाही यांना.

चौथ्या दिवशी मावशींनी हात पुढे केला. मी फोन दिला. वर्षभरानं आई पोरीशी पहिल्यांदा बोलत होती, आणि ती म्हणाली, "सातवं कोनतं होतं व?"

पुढे मग त्या दोघीच बोलायच्या. म्हणजे गाण्यांबद्दलच. मळा कसा, तब्येत कशी, बाप काय म्हणतो, यातलं काही नाही. पण गाण्यातून गाणं निघतं तसं एकेक बारीकसं काहीतरी निघायचं. हे गाणं आमच्या कंपनीच्या गाडीत लागते. हे तुले आवडे, भाकरी टाकताना म्हनं तू. हे लावलं का मोगरा तोडणं लवकर होते. दुपारी लाइट गेली की कुलर थांबायचा, दुकान एकदम शांत व्हायचं, आणि नांदगाव पेठेतला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू यायचा. संजू उगाच पेचकस घेऊन कुठलातरी फोन उघडायचा. मी फोल्डरात गाणं टाकायची. सांची काउंटरखालून बघत राहायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी वैशूनं एक भीमगीत सांगितलं. मी थबकले. ते त्याच जयंतीला निघालेलं गाणं होतं, महिन्याभरापूर्वीचं. आमच्या वस्तीत पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी स्वतः उभी राहून ऐकलं होतं. वैशू घर सोडून गेली त्याला वर्ष होऊन गेलेलं. त्या फोल्डरात ते असणं शक्यच नव्हतं. मी मावशींकडे पाहिलं. त्यांच्या झाडासमोरूनच मिरवणूक गेली होती, तेच गाणं वाजत. लेकीला घरात घ्यायचं नाही असं ज्या माणसांमुळे ठरलं होतं, त्यांच्या घरातलं हे गाणं. मी ते लावलं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं, पदरानं मान पुसली.

"हे बी होतं त्याच्यात," त्या म्हणाल्या. "होतंच."

फोन चालू होता. मग वैशू म्हणाली, "होतं ना माय?" आणि मावशी म्हणाल्या, "होतं. पुढचं सांग."

माझ्यासारख्या हुशार बाईला हे कळायला एवढे दिवस लागले. मे संपता संपता चौतीस गाणी झाली. मी मोजली होती, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आल्या, फोन लावला आणि वैशूला पस्तिसावं आठवलं. मी तोंड उघडलं. संजूनं माझ्या पायावर पाय ठेवला. मी पस्तिसावं गाणं फोल्डरात टाकलं.

मी जूनच्या शेवटी अमरावतीला परतले तेव्हा एकावन्न झाली होती. शेवटच्या दिवशीचं त्यांचं बोलणं मला आठवतं. गाणं सांगून झालं होतं. मावशी फोन ठेवत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "कुलर हाये काय तुह्याकडं?" घेतला यंदा, तिकडून उत्तर आलं. "मंग गवत बदलवजो दरसाल," मावशी म्हणाल्या, "जुन्या गवतानं सर्दी होते." ये म्हणाल्या नाहीत. येऊ का असं तीही म्हणाली नाही. वर्षभराच्या तळमळीनंतर एका आईनं लेकीला दिलेला तो एकच सल्ला, आणि मी आजही एप्रिल उजाडला की आधी कुलरचं गवत बदलते.

पुढचं मला संजूकडून कळत गेलं. दिवाळीला नव्वद झाली. पुढच्या उन्हाळ्यात दीडशे. मग नेट स्वस्त झालं, गाणी कुणी भरून घेईना, संजूनं पाटी उतरवली आणि कॅमेरे बसवायचं काम धरलं. तरी ते एक फोल्डर तो वाढवत होता. काही वर्षांनी मावशींचे यजमान गेले. त्यानंतर महिनाभरात वैशू आली आणि आईला नांदगाव पेठेला घेऊन गेली. त्या दिवसापासून फोल्डरात एकही गाणं पडलेलं नाही. आता दोघी एका घरात राहतात आणि, संजू सांगतो, दिवसभर भांडतात. भाजीत मीठ किती, नळ कुणी चालू ठेवला, टीव्हीचा आवाज कशाला एवढा.

नांदगाव पेठ माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. मी वैशूला कधी पाहिलेलं नाही. तिचा फक्त आवाज मला माहीत आहे, यंत्रांच्या मागून आलेला. जावंसं अनेकदा वाटलं. पण काय सांगून जायचं, तुमचं फोल्डर पुसणारी ती मीच? पुस्तक कुणी लिहिलं, कधी छापलं, कुठल्या विषयाचं, हे सगळं आम्ही ग्रंथपाल नोंदवून ठेवतो. ते कुणी कुणासाठी नेलं याला आमच्याकडे रकाना नाही. तेव्हा मला वाटायचं, त्याची गरजच नाही.

आणि आता त्या दोघींच्या भांडणाचा मला हेवा वाटतो, हे इथे सांगूनच टाकते.

सांची पुण्याला शिकते. दुसरं वर्ष. गेल्या उन्हाळ्यात ती आली, आल्याबरोबर कुलरसमोर आडवी पडली आणि गवताचा वास घेऊन म्हणाली, आता घरी आल्यासारखं वाटलं. यंदा येणार नाही. तिला तिथेच दोन महिन्यांचं काम मिळालंय, अनुभवासाठी चांगलं असतं म्हणे. तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी इतक्या चटकन समजून घेतलं की दोन मिनिटांत बोलणं संपलं. मला समजूतदार असण्याची फार हौस. आमच्यात काही बिनसलेलं नाही, कुणी कुणाचं नाव टाकलेलं नाही. जेवलीस का, हो. तुम्ही? हो. बरं. एवढ्यावर फोन संपतो, आणि मग मी बराच वेळ फोन हातात धरून बसते. पोरगी चांगली आहे, सुखात आहे आणि माझ्याकडे तिला विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. हे सहन होत नाही, पण तक्रार तरी कशाची करायची?

त्या ॲपमध्ये तिची एक वेगळी यादी आहे. नावाच्या जागी नुसता एक ठिपका. त्यात एकसष्ट गाणी आहेत. ती गेल्यापासून मी ती यादी स्वयंपाक करताना लावते. अर्ध्या गाण्यांचे शब्द कळत नाहीत, काही तर गाणी आहेत की भांडणं तेही कळत नाही. पण आता मला क्रम पाठ आहे. चौथ्यानंतर पाचवं कोणतं ते माझ्या हातातल्या लाटण्यालाही माहीत आहे. परवा तिनं एक गाणं काढलं आणि एक घातलं, तर मला दिवसभर चुकल्यासारखं झालं. तिच्या मनात काय चाललंय याची मला मिळणारी तेवढी एकच बातमी.

तर त्या रविवारी एकसारखी गाणी काढू का, असं ॲपनं विचारलं. मी नको म्हटलं. सगळं जसं कालवलेलं होतं तसंच राहू दिलं. आतून नवऱ्याचं घोरणं येत होतं. कुलरचं पाणी टपटपत होतं. मी सांचीला फोन लावला.

ती जरा घाबरलीच. "काय झालं गं आई? या वेळेला?"

काही नाही, मी म्हटलं. जेवलीस का ते विचारलं नाही. मी म्हटलं, "तुझ्या त्या ठिपक्याच्या यादीत एक बासरीचं गाणं होतं ना. ते कोणतं?"

त्या यादीत बासरीचं गाणं नाही. कधीच नव्हतं. एकसष्टच्या एकसष्ट मला पाठ आहेत.

तिच्या मागे पुण्याच्या रस्त्याचा आवाज होता, तो हळूहळू दूर गेला. ती बहुतेक चालत आत कुठेतरी गेली असावी. चार वर्षांची असताना काउंटरखाली बसून तिनं काय काय ऐकलं असेल, त्यातलं तिला काय आठवत असेल, मी कधी विचारलं नव्हतं.

"होतं," सांची म्हणाली. "होतंच. आज नाव आठवत नाहीये, आई. उद्या सांगीन."